सिनेमातली पाठमोरी मुलगी

अल सद्द, दोहा
रविवार, दुपार

प्रिय अक्का,

गेल्या मंगळवारी मी तुला बघितलं. पाठमोरी. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. नाहीतर गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांतली मी नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

तशी तू इथून गेलीसच कुठे म्हणा. तुझी पेटी विमानात चढवली, मी सोबत गावी आले, आईने तुझ्यावर मूठभर माती टाकली, ते सगळं या डोळ्यांनी पाहिलं. तरी दोह्याला परत आल्यापासून तू या फ्लॅटमध्ये आहेस. दुपारच्या ड्युटीला निघताना मी दाराला कुलूप घालते आणि आतून तुझा आवाज येतो, "निमे, गॅस बंद केलास का?" मी कुलूप काढून आत जाते. गॅस बंदच असतो. सलोमी लिफ्टपाशी उभी राहून वाट बघते. पहिल्यांदा विचारायची, आई, काय झालं? आता विचारत नाही.

हॉस्पिटलात तर तू रोजच असतेस. मागे एकदा मेडिकल वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये तुझी चाल दिसली, तो उजवा खांदा थोडा खाली टाकून चालायचा प्रकार. मी हातातला ट्रे तसाच घेऊन मागे मागे गेले. एक्स-रेच्या दारापाशी ती वळली. फिलिपिनो मुलगी होती, नवीनच लागलेली. तिने विचारलं, सिस्टर, काही हवंय का? काय सांगणार होते मी तिला?

या सगळ्याची मला सवय झाली होती. पण पडद्यावर तू दिसशील असं मला वाटलं नव्हतं.

झालं असं, की तिसऱ्या मजल्यावरच्या गोखले वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, मंगळवारी एक सिनेमा दाखवणार आहेत, दिग्दर्शिका स्वतः येणार आहे, आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. कॅथलिक बोर्डिंगमधल्या मुली बंड करतात अशी गोष्ट आहे. "तुम्ही ख्रिश्चन ना, तुम्हाला आवडेल," असं म्हणून त्यांनी मला दोन पास दिले. मनाने चांगल्या आहेत त्या. इतकी वर्षं एका इमारतीत राहून आपण नगर जिल्ह्याच्या आहोत हे काही त्यांच्या लक्षात राहत नाही. अजूनही मला विचारतात, गोव्याला कधी जाणार?

आठवतं, तुला सगळे केरळची समजायचे? नर्स, कॅथलिक, काळी, म्हणजे केरळचीच. तू म्हणायचीस, "नाय बाबा, मी नगरची." मग समोरचा माणूस असा बघायचा, जणू तू त्याला खोटं सांगतेयस.

पासवर दिग्दर्शिकेचं नाव होतं. वृंदा. आडनाव बदललं होतं, पण खाली फोटो होता. अक्का, ती आपली वृंदा होती. वरची वृंदा.

सलोमीला मी शाळेबद्दल कधी फारसं सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत, की आई आणि मावशी लहानपणी बोर्डिंगमध्ये होत्या आणि मध्येच घरी परत आल्या. वरच्या मुली म्हणजे फी भरणाऱ्या, त्यांचं जेवण वरच्या मजल्यावर, टेबलखुर्चीवर. आणि खालच्या मुली म्हणजे आपण, फादरांच्या चिठ्ठीवर आलेल्या, फुकटात शिकणाऱ्या, तळमजल्यावर फरशीवर जेवणाऱ्या आणि नंतर वरच्यांची ताटं घासणाऱ्या, हे तिला मी कशासाठी सांगू? ती एसीच्या शाळेत जाते. मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तिच्या इंग्रजीत "वरची" आणि "खालची" या शब्दांना काय म्हणायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

तर आम्ही दोघी गेलो. दाराशी मोठं पोस्टर होतं. निळ्या पिनाफोरमधल्या सहा-सात मुली, हातात हात घालून उभ्या. एक हिजाबवाली, एक ईशान्येकडची, एक सरदारणी, एकीच्या कानात ऐकायचं यंत्र, एक कुरळ्या केसांची गोव्याची, एक तमिळ. सलोमी खूश झाली. तिच्या शाळेत असल्या गोष्टींवर प्रोजेक्ट असतात ना. म्हणाली, आई, बघ, हे किती डायव्हर्स आहे, यांनी कुणालाच वगळलेलं नाही. मी पोस्टर नीट पाहिलं. मुली सगळ्या देखण्या होत्या. मी प्रत्येकीच्या चेहऱ्यावर थांबले. तू नव्हतीस. मीही नव्हते.

सिनेमा सुरू झाला आणि मी खुर्चीचा हात धरून बसले. इमारत दुसरी होती, पण तो लांब व्हरांडा, खिडक्यांच्या रंगीत काचा, मदरच्या ऑफिसबाहेरचा बाक, सगळं तसंच. वृंदाने किती बारकाईने लक्षात ठेवलं होतं. तरी मला राग येत होता. महाराष्ट्रातल्या शाळेची गोष्ट, आणि अख्ख्या सिनेमात मराठी बोलते ती एकटी स्वयंपाकीण बाई. चर्चमधली मिस्सेची उपासना दाखवली ती इंग्रजीत, ऑर्गनवर, मुलींच्या डोक्यावर लेसचे रुमाल. मला आपलं गावातलं चर्च आठवलं, ज्याला आपण देऊळच म्हणतो. पत्र्याखाली बसलेली माणसं, पेटी-तबल्यावर चाललेलं भजन, नऊवारीचा पदर डोक्यावर घेऊन गुडघे टेकणारी आई. आपल्यासारखे कॅथलिक सिनेमात कधी असतात का गं? मी तर पाहिले नाहीत. एक तर आपण नसतोच, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी वेशात असतो.

सिनेमात बंडाचं कारण वेगळं होतं. मुलींची एक लाडकी तरुण सिस्टर असते, तिची बदली होते आणि मुली चिडतात. ती हिजाबवाली आणि ती सरदारणी मिळून ठरवतात, की जेवायचं नाही. मी मनात म्हटलं, हे असं नव्हतं. असं मुळीच नव्हतं.

आणि मग जेवणघराचा प्रसंग आला. लांब टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ, काटेचमच्यांचा आवाज. दार उघडलं. एक मुलगी आत आली. कॅमेरा तिच्या मागे होता. तेल लावून घट्ट घातलेली एक वेणी, लाल रिबीन, जुना उसवलेला पिनाफोर, खाली झुकलेला उजवा खांदा. हातात स्टीलचं ताट. ती सावकाश चालत टेबलापाशी गेली, एक रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. टेबलावरच्या सगळ्या मुलींचे चेहरे दाखवले. तिचा दाखवला नाही. पुढे पाऊण तास ती मुलगी सिनेमात होती. मुलींच्या घोळक्यात, व्हरांड्यात, फाटकाबाहेर पडताना. प्रत्येक वेळी पाठमोरी.

अक्का, मला वाटलं, आता ही मान वळवेल आणि मला म्हणेल, निमे, गॅस बंद केलास का?

आणि अजून एक गोष्ट, ती तुलाच सांगते. त्या जेवणघरात मी स्टूल शोधत होते. तू आत आलीस तेव्हा भिंतीशी स्टूल असायला हवं होतं आणि त्यावर मी. सगळ्या भिंती मी बघून घेतल्या. स्टूल नव्हतं. माझा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग लगेच राग आला. एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या मुली गोळा केल्या आणि जिच्यामुळे सगळं घडलं तिला गाळलं? आणि तुला साधा एक चेहरासुद्धा दिला नाही?

दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थाने उठून सांगितलं, की या सिनेमात भारतातल्या सगळ्या प्रकारच्या मुली आहेत, याचं कौतुक वाटतं. वृंदाने मान खाली घालून आभार मानले. केस पांढरे झालेत तिचे. आणि मला काही कळायच्या आत आपल्या सलोमीने हात वर केला. तिने इंग्रजीत विचारलं, की ती वेणीवाली मुलगी कोण, आणि तिचा चेहरा का दाखवला नाही?

वृंदाने सलोमीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "याचं उत्तर मला देता येणार नाही. तसा शब्द दिलाय मी."

बाहेर चहाच्या टेबलापाशी मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडून फक्त नाव निघालं. निर्मला साळवे. तिने हातातला कप खाली ठेवला. तिने माझा चेहरा बघितला, मग मागे बघितलं, तुला शोधत असल्यासारखं. तेव्हा मला कळलं, की तू गेलीस हे तिला माहीतच नाही. मी सांगितलं. ती तिथेच, पायरीवर बसली. लोक बघत होते. ती म्हणाली, उद्या भेटशील का, मला तुझ्याशी नीट बोलायचं आहे.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. संध्याकाळी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात, मसाल्याच्या दुकानांच्या मागे तो चहावाला आहे ना, जिथे तू तो दाट, दुधाळ करक चहा प्यायला थांबायचीस, तिथे आम्ही बसलो. मी आधी भरपूर बोलून घेतलं. म्हटलं, वृंदा, तू वरची होतीस, पण दुसऱ्या दिवशी तूच पहिली उठून आमच्यात फरशीवर येऊन बसली होतीस, हे मी विसरलेले नाही. मग तू असा सिनेमा का केलास? जेवणासाठी भांडलो ते आम्ही. घरी पाठवलं ते आम्हाला. आणि पोस्टरवर सगळ्या आहेत, फक्त आम्ही नाही.

तिने मला थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की तिने मोनिकाला, म्हणजे तुला, दोन वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. तुम्ही फोनवर बोलायचात. कितीतरी वेळा. तिने सगळी गोष्ट जशी घडली तशी लिहिली होती आणि तुला वाचून दाखवली होती.

अक्का, मला ते फोन आठवले. तू तुझ्या खोलीत दार लावून हळू आवाजात बोलायचीस. मला वाटायचं, डॉक्टरांशी बोलतेयस, रिपोर्टबद्दल बोलतेयस, मला काळजी वाटू नये म्हणून दार लावतेयस. मी बाहेर ओट्यापाशी कान देऊन उभी राहायचे. त्यात तू असलं काही बोलत असशील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

वृंदाने सांगितलेलं तुझं बोलणं मी इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते ऐकताना मला तुझा आवाजच ऐकू आला. तू तिला म्हणालीस, "सगळं छान लिहिलंयस. फक्त स्टुलावरची पोरगी काढ."

वृंदा म्हणाली, तिच्याशिवाय गोष्टच उरत नाही.

तर तू म्हणालीस, "नाही उरली तर नाही उरली. माझी निमू इथे स्टाफ नर्स आहे. तिची लेक इथल्या शाळेत जाते. चार लोकांनी तिला पडद्यावर उष्टं खाताना बघायला नको. आणि माझं तोंड दाखवलंस की गावचं कुणीही ओळखेल आणि मग तिलाही ओळखेल. मलाही पाठमोरीच ठेव."

वृंदाने तुला शब्द दिला. मग कारण बदलावं लागलं, सिस्टरची बदली घालावी लागली. सिनेमाला पैसे देणाऱ्यांनी सांगितलं, सगळ्या तऱ्हेच्या मुली हव्यात, त्याही तिने घातल्या. "पण तुमची जागा मी कुणाला दिली नाही," ती म्हणाली. "चेहरा असलेली नटी घेऊन तिला मोनिका म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मला ते करवेना. म्हणून ती पाठ."

मी चहा तसाच ठेवला. तिच्यावरचा सगळा राग उठून तुझ्याकडे आला. तू माझ्यासाठी असं ठरवलंस आणि मला एका शब्दानेही विचारलं नाहीस? मी काय अजून आठ वर्षांची आहे?

मी विसरले होते की काय, अक्का? त्या दिवशी वरच्यांची ताटं खाली आणताना एका ताटात अर्धं उकडलेलं अंडं राहिलं होतं. मी जिन्यात थांबून ते खाल्लं. सिस्टरांनी पाहिलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला वर नेलं, स्टुलावर उभं केलं, ते रिकामं ताट हातात दिलं, आणि वरच्या मुलींना जेवायला सांगितलं. सगळ्या जेवत होत्या आणि कुणी वर बघत नव्हतं. माझे हात दुखायला लागले होते. तेवढ्यात तू तुझं ताट घेऊन खालून आलीस. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. मला बगलेत धरून खाली उतरवलंस, खुर्चीवर बसवलंस, शेजारची खुर्ची ओढून स्वतः बसलीस आणि टेबलावरचं भांडं पुढे ओढून आपल्या दोघींच्या ताटात भात वाढलास. त्यानंतर सिस्टर काय बोलल्या ते मला आठवत नाही. मला तो भात आठवतो. गरम होता. खाली आपल्याला कधी गरम भात मिळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खालच्या मुली वर जाऊन टेबलांच्या मधल्या फरशीवर बसल्या आणि कुणी जेवलं नाही. मग वृंदा उठली. मग आणखी काहीजणी. पुढे मोठे फादर आले, बैठका झाल्या, आणि पुढच्या टर्मपासून सगळ्यांचं जेवण एकत्र झालं. ते बघायला आपण नव्हतो. आप्पा एसटीने आले आणि आपल्या दोघींच्या पत्र्याच्या ट्रंका घेऊन गेले. आईने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तिथलं जेवण बरं नव्हतं.

एवढंच. आयुष्यभर तू त्याबद्दल एवढंच बोललीस.

मी तुला एकदा विचारलं होतं, इथे, या स्वयंपाकघरात. म्हटलं, त्यांनी आपल्याला हाकललं आणि तू तरी इथल्या सुट्टीच्या वारी, दर शुक्रवारी न चुकता मिस्सेला जातेस, असं कसं? तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, "देव काय त्यांच्या एकट्यांचाय का?" आणि पुन्हा मळायला लागलीस. इथल्या चर्चमध्ये किती भाषांत मिस्सा होते, मल्याळी, तमिळ, कोकणी, फिलिपिनो. मराठीत नाही. तू इंग्रजी मिस्सेला बसायचीस आणि उत्तरं पुटपुटायचीस मराठीत. शेजारची बाई वळून बघायची. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मग स्वतःच्या तोंडाचीच तुला एवढी भीती का वाटली?

नाही, भीती नव्हती ती. मला ठाऊक आहे. तू मला दुसऱ्यांदा स्टुलावरून उतरवत होतीस. पण या वेळी मी स्टुलावर नव्हते गं. तू बघायचंस तरी.

निघताना वृंदाने एक विचारलं. सिनेमाच्या शेवटी अजून एक पाटी घालता येईल. नाव घालू का? ती म्हणाली, मोनिका असती तर मी विचारलंही नसतं. आता फक्त तू सांगू शकतेस. मी म्हटलं, मला वेळ दे.

घरी आले तर स्वयंपाकघरात स्टीलचं ताट वाजलं. कुणी नव्हतं. सलोमी ट्यूशनला, तिचे बाबा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर. मी दिवा लावून उभी राहिले. तुला मोठ्याने विचारलं, काय करू? तू नको तेव्हा बोलतेस आणि हवी तेव्हा गप्प बसतेस. जिवंत असतानाही अशीच होतीस.

शुक्रवारी सकाळी मी सलोमीला घेऊन समैस्माच्या किनाऱ्यावर गेले. तुझी आवडती जागा. ओहोटी होती. पाणी इतकं मागे गेलेलं, की ओली वाळू चमकत होती आणि लांबवर दोन पोरं खेकडे शोधत होती. आम्ही चटई टाकून बसलो. मी म्हटलं, त्या दिवशी तू प्रश्न विचारलास ना, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

मी मराठीत सांगितलं. सगळं. वरच्या, खालच्या, फादरांची चिठ्ठी, ताटं, जिना, अंडं, स्टूल. मधे मधे थांबले, कारण मला वाटत होतं, की हिच्या चेहऱ्यावर आता ते येणार. ते म्हणजे काय, तुला सांगायला नको. आपलं आडनाव विचारून झाल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते. नाहीतर दया. मला दया नको होती, अक्का. माझ्या पोटच्या पोरीकडून तर मुळीच नको होती.

ती वाळूत बोट फिरवत राहिली. मी तुझं सांगितलं, तू भात कसा वाढलास ते. मग फोनचं सांगितलं, आणि तू पाठमोरी का राहिलीस ते. तेव्हा मात्र तिचे डोळे भरले. तुझ्यासाठी. माझ्यासाठी नाही. मला फार बरं वाटलं.

मग तिने मान वर केली. आणि आपल्या या पोरीने, जी घरात मला कधी सरळ मराठीत उत्तर देत नाही, मराठीत विचारलं, "आई, अंडं चांगलं होतं का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरांनी नाही, तू नाही, मी स्वतःही नाही.

"खूप," मी म्हटलं. "मीठमिरी लावलेलं होतं."

ती हसली. मग मीही हसले. मग मला रडू आलं, आणि तिने तिची ओढणी माझ्या हातात दिली. खेकडे शोधणारी पोरं आमच्याकडे बघत होती.

घरी येताना गाडीत तिनेच विचारलं, मग वृंदा मावशीला काय सांगणार? मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती पुन्हा इंग्रजीत गेली. म्हणाली, की ते गुपित मावशीचं असतं तर तुला ते उघडायचा हक्क नसता, पण ते तर तुझं होतं, तिने फक्त तुझ्यासाठी सांभाळलं. चौदा वर्षांची पोर, अक्का. तुझीच भाची.

मी घरी येऊन वृंदाला फोन केला. सांगितलं, नाव घाल. मोनिका साळवे, आणि गावाचं नाव, आणि जिल्हा नगर. तिने विचारलं, आणि स्टुलावरच्या मुलीचं? मला वाटलं होतं मी थोडी थांबेन. थांबले नाही. म्हटलं, निर्मला साळवे, तिची धाकटी बहीण. आणि पुढे तो सिनेमा जिथे जाईल तिथे बोलवलंस तर मी येईन आणि सांगेन, की बंडाचं कारण ती बदली झालेली सिस्टर नव्हती, एक अंडं होतं. वृंदा फोनवर रडत होती की हसत होती ते कळलं नाही.

तुला आवडणार नाही, मला माहीत आहे. तू म्हणशील, निमे, काय गरज होती? तुझा शब्द मी मोडला, आणि तो मोडताना मी जराही अडखळले नाही, हेही तुला कळू दे. तू त्या पाठीमागे मला लपवलंस, आणि मला लपायचं नव्हतं. आणि तुला लोकांनी बघावं असं मला वाटत होतं. माझी अक्का कशी दिसायची हे जगाला कळू नये, एवढी काय मी नाजूक आहे?

नाताळला आम्ही गावी जाणार आहोत. आईला अजून कुणी खरं सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तिच्या पोरींना तिथलं जेवण रुचलं नाही. ती अजूनही कधीतरी म्हणते, तिथे आणखी चार वर्षं काढली असती तर मोनिका डॉक्टर झाली असती. तिला मी सांगणार आहे. तिच्याच चुलीपाशी बसून, तू कशी चालत आलीस ते, कसा भात वाढलास ते. ती रडेल, चिडेल, फादरांच्या नावाने बोलेल. पण मग तिला कळेल, की तिची थोरली जेवणावर रुसून घरी आली नव्हती.

आता एक वचन देते, आणि ते मी पाळणार आहे. इथून पुढे माझ्यासाठी तुला गप्प राहावं लागणार नाही, अक्का. माझी लाज माझी मी बघून घेईन. आणि तुझी आठवण काढताना मी कधी आवाज खाली करणार नाही, इथल्या मंडळींत नाही, वॉर्डात नाही, देवळात नाही. कुणी विचारलं, ही कोण, तर सांगेन: माझी थोरली बहीण. तिने मला हाताला धरून टेबलाशी बसवलं, आणि मी तिथून अजून उठलेले नाही.

तुझीच,
निमू